हॅशवरून पॅकेज ओळखणं: बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या जुन्या डिस्कच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार. टिळकवाडी, बेळगाव

सीमाभागातल्या मराठी वाचनालयांचे, शाळांचे, मंडळांचे जुने संगणक आता मोडीत निघतायत. डिस्क पुसून पुढे द्यायच्या आधी त्यावरचं जे दुसरीकडे कुठेच नाही ते काढून ठेवायचं, एवढंच हे काम. सभासदांची नोंदवही, वार्षिक अहवाल, स्मरणिकेची डीटीपी, व्याख्यानमालेचे फोटो, स्कॅन करून ठेवलेले जुने ठराव. हे सगळं लाखो सिस्टिम फायलींच्या गर्दीत असतं, आणि ते 'माय डॉक्युमेंट्स'मध्येच सापडेल असं अजिबात नाही. प्रिंटर ड्रायव्हरच्या फोल्डरात अहवाल, गेमच्या फोल्डरात फोटो, असं सर्रास दिसतं, कारण सेव्ह करताना जो फोल्डर उघडा होता तिथेच फाइल पडते.

म्हणून पद्धत उलटी ठेवली आहे. जे ओळखीचं ते वजा करायचं. प्रत्येक फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा, माहीत असलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजांमधल्या फायलींच्या यादीशी ताडायचा, जुळेल ते बाजूला सारायचं. उरेल ते माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. फाइलचं नाव, तारीख, फोल्डर यांवर निर्णय नाही. एक बिट जरी बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो, आणि नाव कितीही बदललं तरी हॅश तोच राहतो. या कामाला नेमके हेच दोन गुण हवेत.

तीन हॅश काढायचे ठरलं: एमडी५ (३२ अक्षरी), एसएचए-१ (४० अक्षरी), एसएचए-२५६ (६४ अक्षरी). एसएचए-२५६ एकटा पुरला असता, पण समोरच्या याद्या आपल्या सोयीने बनलेल्या नाहीत. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजात आत फायलींची जी यादी असते ती एमडी५ची. डेबियनचं जुन्या आवृत्त्यांचं भांडार, स्नॅपशॉट, फाइल शोधायला एसएचए-१ वापरतं. पॅकेजांच्या अनुक्रमणिकेत आजकाल एसएचए-२५६. हॅशडीप हा प्रोग्राम एकाच वाचनात तिन्ही काढतो, म्हणून डिस्क तीनदा फिरवावी लागत नाही. जुन्या डिस्कच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

८ जून, रविवार

आधी प्रतिमा (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत), मग हॅश. हा क्रम मोडायचा नाही. डिस्क राइट ब्लॉकरला (डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला) लावली, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रत काढली, मॅपफाइल (कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद) सोबत ठेवली. मॅपफाइल नसेल तर वीज गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. असेल तर जिथे थांबलो तिथून पुढे.

वेळेचा हिशोब: ५०० जीबीची डिस्क यूएसबी २.० वरून सेकंदाला साधारण ३५ एमबीने वाचली जाते, म्हणजे जवळजवळ चार तास. तीच यूएसबी ३.० डॉकवर, डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल, तर दीड तासाच्या आत. पावसाळ्यात चार तास अखंड वीज मिळेल असं गृहीत धरून काम आखता येत नाही. म्हणून डॉक यूएसबी ३.० चीच, आणि डॉक व लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर.

प्रतिमा जोडताना नुसतं 'फक्त वाचन' सांगून भागत नाही. ईएक्सटी४ विभाग नीट बंद झाला नसेल तर लिनक्स जोडताना जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवतो, म्हणजे लिहितो. 'नोलोड' हा पर्याय दिला की ते टळतं. प्रतिमेची फाइल डिस्कसारखी दाखवणारं लूप डिव्हाइससुद्धा रीड-ओन्लीच उघडायचं.

१४ जून, शनिवार

यादी उभी करणं सुरू. तीन उगम.

पहिला, अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, म्हणजे एनएसआरएल. दर तीन महिन्यांनी नवा संच निघतो. पूर्वी ही मोठी टेक्स्ट फाइल होती, आता एसक्यूलाइट डेटाबेस आहे. विंडोजसाठी हाच मुख्य आधार.

दुसरा, लक्झेंबर्गच्या सर्कल या संस्थेची हॅशलुकअप सेवा. ती नेटवरून विचारता येते आणि ब्लूम फिल्टर (हॅश यादीत आहे का, याचं झटपट पण क्वचित चुकणारं उत्तर देणारी आटोपशीर रचना) म्हणून उतरवूनही घेता येते. आम्ही उतरवून घेतलं. वाचनालयातल्या प्रत्येक फाइलचा हॅश बाहेरच्या सर्व्हरला विचारत बसणं म्हणजे कोणाकडे काय आहे हे बाहेर सांगणं. शिवाय खानापूरच्या पुढे जंगलपट्ट्यात नेटवर भिस्त ठेवता येत नाही.

तिसरा, लिनक्ससाठी आपणच पॅकेजांवरून काढलेली यादी. शाळांतल्या काही संगणकांवर उबुंटू आहे, काहींवर सी-डॅकचं बॉस लिनक्स. बॉस डेबियनवर बेतलेलं असलं तरी जी पॅकेजं पुन्हा बांधली किंवा बदलली गेली त्यांचे हॅश डेबियनच्या यादीशी जुळत नाहीत. 'डेबियनसारखंच आहे' म्हणून एकच यादी लावली की अर्धवट जुळणी येते आणि उरलेल्या अर्ध्याचा संशय विनाकारण वाढतो. बॉसच्या इन्स्टॉलेशन डीव्हीडीवरूनच वेगळी यादी काढली.

१५ जून, रविवार

डेब पॅकेजची (डेबियन कुळातल्या पॅकेज फाइलची) यादी कशी काढली ते सविस्तर लिहून ठेवतो, पुढे दुसऱ्या कोणाला करावं लागेल.

डेब फाइल म्हणजे 'एआर' प्रकारची गाठोडी. आत तीन भाग: 'डेबियन-बायनरी' नावाची चार बाइटची फाइल (आत फक्त २.० आणि ओळीचा शेवट), कंट्रोल टार (पॅकेजची माहिती) आणि डेटा टार (प्रत्यक्ष फायली). इथे दोन वेगळे हॅश आहेत आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. एक पूर्ण डेब फाइलचा. तो उपयोगी पडतो ॲप्टच्या (पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या साधनाच्या) कॅश फोल्डरात पडून राहिलेली पॅकेजं ओळखायला. दुसरा आतल्या प्रत्येक फाइलचा. तो उपयोगी पडतो इन्स्टॉल झालेली सिस्टिम ओळखायला. आतलं सगळं तेच ठेवून डेटा टार दुसऱ्या पद्धतीने आवळला तर बाहेरचा हॅश बदलतो, आतले बदलत नाहीत.

डीपीकेजी-डेब या साधनाला डेटा टार सरळ पाइपमध्ये सोडायला सांगितलं आणि टारमधली एकेक साधी फाइल वाचत हॅश काढले. डिस्कवर उलगडून ठेवायची गरज नाही. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) आणि फोल्डर सोडून दिले. प्रत्येक ओळीत: तिन्ही हॅश, आकार, पॅकेज, आवृत्ती, आर्किटेक्चर, मार्ग. एसक्यूलाइटमध्ये भरताना हजारो ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालायच्या आणि इंडेक्स शेवटी बांधायचा. प्रत्येक ओळ वेगळी कमिट केली तर प्रत्येक ओळीमागे डिस्कला लिहून होईपर्यंत थांबावं लागतं आणि रात्र पुरत नाही.

आता विश्वासाची साखळी. संगणकावर डीपीकेजीच्या 'इन्फो' फोल्डरात एमडी५सम्स फायली असतातच, मग त्याच का वापरू नयेत? कारण त्या त्याच डिस्कवर आहेत. ज्याने फाइल बदलली तो यादीही बदलू शकतो, आणि डिस्क खराब असेल तर यादीही खराब असू शकते. डेब्सम्स किंवा डीपीकेजीची स्वतःची पडताळणी झटपट अंदाज घ्यायला ठीक, पण पुरावा बाहेरून आणायचा. साखळी अशी: सही केलेली 'इनरिलीज' फाइल, तिच्यात 'पॅकेजेस' अनुक्रमणिकेचा एसएचए-२५६, त्या अनुक्रमणिकेत प्रत्येक डेबचा एसएचए-२५६, आणि डेबच्या आत फायली. एकही कडी गाळायची नाही.

जुन्या आवृत्त्यांत इथे एक अडचण येते. इनरिलीजची मुदत संपलेली असते आणि सहीची किल्लीही निवृत्त झालेली असते. मुदत संपली म्हणजे सही खोटी झाली, असं नाही. निवृत्त किल्ल्या डेबियनच्या आर्काइव्ह-कीरिंग पॅकेजात वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेल्या आहेत. त्या देऊन सही तपासता येते. मुदतीची तपासणी बंद केली तरी चालते. सहीची तपासणी बंद करायची नाही.

२२ जून, रविवार

पहिली ताडणी. जुळणी: शून्य. पूर्ण विंडोज असलेल्या डिस्कवर शून्य येणं अशक्य, म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकच हॅश हाताने शोधला.

अडथळे तीन होते, आणि ते कुठल्याही दोन याद्या जुळवताना येतात. एनएसआरएलच्या जुन्या टेक्स्ट संचातली हेक्स अक्षरं मोठ्या लिपीत, हॅशडीपची छोट्या लिपीत. संगणकाच्या लेखी ती वेगळी. विंडोजमधून आलेल्या यादीत ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरिज रिटर्न असतो, तो हॅशला चिकटून ६५वं अक्षर होतो. तिसरा अडथळा मराठी संगणकावर हटकून येणारा: लोकेल (संगणकाची भाषेची सेटिंग) मराठी असेल तर 'सॉर्ट'चा क्रम वेगळा लागतो, आणि 'जॉइन' व 'कॉम' या आज्ञा क्रमावरच चालतात. एक यादी मराठी लोकेलमध्ये आणि दुसरी सी लोकेलमध्ये लावली असेल तर मधल्या ओळी गळतात, कधी इशारा येतो, कधी तो हजारो ओळींत वाहून जातो. सगळीकडे लोकेल 'सी', सगळे हॅश छोट्या लिपीत, ओळींचे शेवट साफ. स्क्रिप्टच्या पहिल्या तीन ओळी आता याच कामाच्या.

आणखी एक: फाइलच्या नावात बॅकस्लॅश किंवा ओळ तोडणारं अक्षर असेल तर एसएचए२५६सम ओळीच्या सुरुवातीलाच एक बॅकस्लॅश घालतो. हॅश ६४ ऐवजी ६५ अक्षरी दिसला तर आधी तेच पाहावं.

२३ जून, सोमवार

रिकाम्या फाइलचा हॅश सर्वांत आधी यादीतून वगळला. एसएचए-२५६मध्ये तो 'ई३बी०सी४४२' ने सुरू होतो, एमडी५मध्ये 'डी४१डी८सीडी९' ने. शून्य बाइटची फाइल असंख्य पॅकेजांत असते, तिच्यावरून काहीच ओळखता येत नाही.

२९ जून, रविवार. खानापूर

पावसाने दम काढला आहे. इथल्या डिस्क ओलीत राहिलेल्या, त्यामुळे वाचता न येणारे सेक्टर बरेच. याचा हॅशवर थेट परिणाम होतो. डीडीरेस्क्यू जे वाचू शकत नाही तिथे प्रतिमेत शून्यं राहतात. पाच एमबीच्या सिस्टिम फाइलमध्ये ५१२ बाइटचा एक सेक्टर शून्य झाला तरी हॅश पूर्ण वेगळा, आणि फाइल 'अनोळखी' म्हणून माणसापुढे येते. उलट, एखाद्या अहवालात असाच सेक्टर गेला असेल तर ते हॅशवरून कळणारच नाही, कारण तो पहिल्यापासून अनोळखीच आहे. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

उपाय डीडीरेस्क्यूतच आहे. भरण्याच्या मोडमध्ये मॅपफाइल पाहून न वाचलेल्या जागांवर शून्याऐवजी एखादा ठळक शब्द भरता येतो. प्रतिमेची दुसरी प्रत करून तिच्यात खराब जागांवर 'खराब-सेक्टर' अशा अर्थाची रोमन खूण भरली आणि ती खूण असलेल्या फायली ग्रेपने शोधल्या. आता प्रत्येक फाइलपुढे दोन गोष्टी लिहिता येतात: ओळखीची की अनोळखी, आणि धड की मोडकी. मूळ प्रतिमेला हात लावायचा नाही, खुणा दुसऱ्या प्रतीतच.

मोडकी आणि अनोळखी, पण मार्ग व आकार एखाद्या पॅकेजमधल्या फाइलशी तंतोतंत जुळणारे, अशी फाइल असेल तर पॅकेजमधली मूळ फाइल काढून 'सीएमपी'ने बाइटवार तुलना करायची. फरक फक्त खुणेच्या जागी असेल तर ती पॅकेजचीच. वहीत तिला 'ओळखीची, खराब' असं लिहितो, नुसतं 'ओळखीची' नाही.

५ जुलै, शनिवार

पॅकेज आणि आवृत्ती ठरवायचा नियम पक्का केला. एका फाइलच्या जुळणीवर पॅकेज ठरवायचं नाही. परवान्याचा मजकूर, रिकाम्यासारखीच एखादी पायथन फाइल, एखादं छोटं चिन्ह, या वस्तू शेकडो पॅकेजांत जशाच्या तशा असतात. वजन त्या हॅशला, जो संपूर्ण यादीत एकाच पॅकेजाच्या एकाच आवृत्तीत येतो. डेबियनमध्ये असा उत्तम साक्षीदार म्हणजे दस्तऐवजांच्या फोल्डरातली आवळलेली चेंजलॉग: प्रत्येक आवृत्तीला तिच्यात नवी नोंद पडते, त्यामुळे तिचा हॅश आवृत्तीगणिक बदलतो.

६ जुलै, रविवार

अस्सल सिस्टिममध्येही न जुळणाऱ्या फायलींची यादी. या दिसल्या की घाबरायचं कारण नाही:

ईटीसीमधल्या सेटिंगच्या फायली, कारण माणूस त्या बदलतो. डेबियनच्या एमडी५सम्समध्ये त्या नसतातच, त्यांची नोंद डीपीकेजीच्या स्टेटस फाइलमध्ये वेगळी. पायथनच्या पीवायसी फायली, इन्स्टॉल करतेवेळी तिथेच तयार होणाऱ्या. इनिटआरडी, ग्रबची सेटिंग, लोकेल-आर्काइव्ह, लायब्ररींची कॅश, आयकॉनची कॅश. सगळं जागेवर तयार होणारं. डीकेएमएसने त्याच संगणकावर बांधलेले ड्रायव्हर. जुन्या फेडोरा आणि सेंटओएसवर तर प्रीलिंक चालायचा आणि तो खुद्द प्रोग्रामच्या फायलींत बदल करायचा, म्हणून निम्मी सिस्टिम 'बदललेली' दिसते. तिथे प्रीलिंकलाच मूळ रूप परत द्यायला सांगून मग हॅश काढावा लागतो.

हल्लीच्या डेबियनात 'बिन' हा 'यूएसआर-बिन'कडे नेणारा दुवा आहे, पण जुन्या पॅकेजात मार्ग नुसता 'बिन'. म्हणून मार्ग ही फक्त जोडसाक्ष, निकाल हॅशचा.

विंडोजमध्ये वेगळा घोळ. कॅटलॉग फायलींत सिस्टिम फायलींचे हॅश असतात, पण एक्झी व डीएलएलसाठी ते ऑथेंटिकोड पद्धतीचे: चेकसमचा रकाना आणि सहीचा भाग वगळून काढलेले. साधा एसएचए-२५६ पूर्ण फाइलचा असतो. दोन्ही बरोबर, पण एकमेकांशी कधी जुळणार नाहीत. तुलना करताना दोन्ही बाजू एकाच पद्धतीच्या हव्यात.

१२ जुलै, शनिवार. निपाणी

इथे डीटीपीचं काम जास्त. पेजमेकर, श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम. शाळेच्या कार्यालयीन संगणकांवर सरकारी पत्रव्यवहारासाठी कन्नड गणक परिषदेचं नुडी. यातलं बरंचसं आमच्या याद्यांत नाही. जगभरच्या यादीत बेळगाव-निपाणीच्या टेबलावरचं सॉफ्टवेअर असेलच, असं धरून चालता येत नाही. ते आपण भरायचं.

रीत: आभासी यंत्रात स्वच्छ विंडोज, त्याचा स्नॅपशॉट. सगळ्या फायलींचे हॅश काढायचे. मग मूळ सीडीवरून सॉफ्टवेअर टाकायचं, एकदा उघडून बंद करायचं, पुन्हा सगळे हॅश. दुसऱ्यात आहेत आणि पहिल्यात नाहीत, ते उमेदवार. पण त्यांत रजिस्ट्रीच्या फायली, लॉग, प्रीफेच, तात्पुरत्या फायली असा कचरा येतो. म्हणून हेच सगळं दुसऱ्या आभासी यंत्रात, वेगळं वापरकर्ता नाव आणि वेगळा फोल्डर देऊन पुन्हा करायचं. दोन्हीकडे जे हॅश समान, तेवढेच यादीत. संगणकानुसार बदलणारं सगळं आपोआप गळून पडतं. सीडीच्या प्रतिमेचाही हॅश नोंदवायचा, म्हणजे ही यादी कशावरून बनली ते पुढे तपासता येईल. सीडी मूळ हवी. बाजारात मिळालेल्या प्रतीवरून यादी केली तर क्रॅक केलेली फाइल 'ओळखीची' होऊन बसते.

१३ जुलै, रविवार. निपाणी

फॉन्टवर बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

विंडोजबरोबर येणारे मंगल (देवनागरी) आणि तुंगा (कन्नड), लिनक्सवरचे लोहित, कन्नडचे गुब्बी व नविलु, हे सगळे पॅकेजचे; हॅश जुळतो, बाजूला जातात. ते युनिकोड फॉन्ट आहेत, गेले तरी दस्तऐवजातली अक्षरं शाबूत राहतात. योगेश, सुरेख, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टचं तसं नाही. त्यांत लिहिलेल्या फाइलमध्ये 'क' हे 'क' म्हणून साठवलेलंच नसतं; इंग्रजी किंवा चिन्हांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. नेमका तोच फॉन्ट नसेल तर स्मरणिकेचं पान म्हणजे निरर्थक चिन्हं. एकाच नावाच्या दोन फॉन्ट फायलींत जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असल्याचंही दिसतं, त्यामुळे 'शिवाजी फॉन्ट आहे माझ्याकडे' हे पुरत नाही. कुठला शिवाजी, ते हॅशच सांगतो.

म्हणजे फॉन्टची फाइल ओळखीची निघाली म्हणून वजा केली तर जो अहवाल वाचवायचा तोच मुका होतो. म्हणून यादीला आता तीन खुणा: 'काढा', 'ठेवा', 'बघा'. युनिकोडपूर्व मराठी-कन्नड फॉन्ट आणि त्यांचे कीबोर्ड, सगळे 'ठेवा', हॅश जुळो वा न जुळो. हॅशने फक्त फाइल कोणती ते सांगितलं. तिचं काय करायचं ते या तीन खुणा ठरवतात, आणि त्या माणसाने लावायच्या.

२० जुलै, रविवार

एमडी५ तुटलेला आहे मग त्याच्यावर कशाला विसंबता, असं दोघांनी विचारलं. सविस्तर उत्तर इथेच लिहून ठेवतो.

एमडी५च्या टकरी (दोन वेगळ्या फायलींचा हॅश एकच येणं) २००४ मध्ये चीनच्या संशोधकांनी दाखवल्या. एसएचए-१ची प्रत्यक्ष टक्कर २३ फेब्रुवारी २०१७ रोजी गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने जाहीर केली: दोन वेगळ्या पीडीएफ, हॅश एकच. २०२० मध्ये एसएचए-१वर त्याहून घातक, हव्या त्या सुरुवातीच्या मजकुरांची टक्कर झाली. पण टक्कर म्हणजे एकाच माणसाने दोन्ही फायली स्वतः घडवणं. आधीच प्रसिद्ध झालेल्या पॅकेजमधल्या फाइलशी जुळेल अशी दुसरी फाइल घडवणं हे वेगळं आणि फार अवघड काम आहे. एमडी५वरसुद्धा ते व्यवहारात कोणी करून दाखवलेलं नाही. वाचनालयाचा अहवाल योगायोगाने एखाद्या डीएलएलच्या एमडी५शी जुळेल ही शक्यता मोजण्याच्या पलीकडची.

तरी नियम असा: एमडी५ जुळला तर आकारही जुळला पाहिजे, आणि जिथे एसएचए-२५६ उपलब्ध आहे तिथे निकाल त्याचाच. एमडी५ जुळतो पण एसएचए-२५६ जुळत नाही, अशी फाइल निघाली तर ती लगेच 'बघा'त, कारण अशी फाइल आपोआप होत नाही.

ब्लूम फिल्टरबद्दलही याच बैठकीत ठरलं. ब्लूम 'नाही' म्हणाला तर नक्की नाही. 'आहे' म्हणाला तर कदाचित. चूक हजारात एक ठेवली तर प्रत्येक हॅशमागे साधारण १४.४ बिट लागतात, दहा लाखांत एक ठेवली तर २८.८. दहा कोटी हॅशसाठी अनुक्रमे १८० आणि ३६० एमबी. आटोपशीर आहे, पण चूक कोणत्या बाजूला होते ते पाहा: ओळखीची फाइल अनोळखी ठरली तर माणसाची दोन मिनिटं जातात, गावची फाइल ओळखीची ठरली तर ती पुसली जाते. हजारात एक चुकीने दहा हजार स्थानिक फायलींमागे दहा जातील, आणि कोणत्या दहा ते कधीच कळणार नाही. म्हणून ब्लूम फक्त पहिली चाळण. 'आहे' आलं की पूर्ण यादीत खात्री. दहा कोटी एसएचए-२५६ बायनरी रूपात क्रमाने लावले तर ३.२ जीबी होतात. पेनड्राइव्हवर मावतात, आणि दुभाजन शोधात सत्तावीस पायऱ्यांत उत्तर मिळतं. हेच हेक्स टेक्स्टमध्ये ठेवलं तर ६.५ जीबी.

२७ जुलै, रविवार

फायलींच्या नावांचा प्रश्न. एका ठिकाणी तोच फोल्डर मॅकवरही होता आणि पेनड्राइव्हवरही. मजकुराचे हॅश सगळे जुळले, नावांची तुलना मात्र 'दुसऱ्या', 'खऱ्या', 'कऱ्हाड' अशाच नावांवर अडली. कारण 'ऱ'. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असाही. मॅकची जुनी फाइल पद्धत, एचएफएस प्लस, नावं फोडून साठवते. डोळ्याला एकच, बाइट वेगळे.

कन्नड नावांत हे जास्त होतं. दीर्घ ई, ओ आणि दीर्घ ओ यांच्या कन्नड मात्रा युनिकोडमध्ये दोन किंवा तीन तुकड्यांत फुटतात, म्हणजे चिक्कोडीचं नाव कन्नडात लिहिलं तरी तुलना फसते. नावं ताडायच्या आधी दोन्ही बाजू एनएफसी (युनिकोडच्या ठरलेल्या जोडलेल्या) रूपात आणायच्या. पण डिस्कवरचं मूळ नाव जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात ठेवायचं. मजकूर आणि नाव यांचे हॅश एकत्र काढणारी साधनं इथे वापरायची नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

'ओळखीची' म्हणजे 'चांगली' नव्हे. एनएसआरएलच्या संचात पासवर्ड फोडायची आणि तत्सम साधनंही आहेत, कारण तीही प्रसिद्ध सॉफ्टवेअर पॅकेजंच. शाळेचा संगणक पुन्हा वापरात द्यायचा असेल तर जुळणीमागचं उत्पादनाचं नावही वाचायचं. आणि जुनं, भोकं असलेलं पण अस्सल पॅकेज यादीशी तंतोतंत जुळतं. हॅशला त्याच्या भोकांशी देणंघेणं नाही.

उलट बाजूने, अनोळखी फाइल म्हणजे व्हायरस, असंही कोणी समजू नये. आपण शोधतोय ते सगळं अनोळखीतच आहे.

विंडोजमध्ये नेटवरून उतरवलेल्या फाइलला 'झोन'ची खूण चिकटते. ती वेगळ्या प्रवाहात असते, मुख्य मजकुराचा हॅश बदलत नाही. त्यामुळे उतरवलेले इन्स्टॉलर व्यवस्थित जुळतात.

१० ऑगस्ट, रविवार. टिळकवाडी

गणपतीच्या आत मंडळांना संगणक परत हवेत, वर्गणीच्या पावत्या आणि अहवाल यांसाठी. म्हणून पुसायच्या आधीची तपासणी आज लिहून पक्की केली.

प्रतिमेचा एसएचए-२५६ काढून डिस्कच्या चिठ्ठीवर आणि वहीत, दोन्हीकडे. 'काढा' खुणेच्या फायलींतून काही यदृच्छया उचलून पॅकेजमधल्या मूळ फाइलशी बाइटवार तुलना. 'ठेवा' आणि 'बघा' दोन वेगळ्या डिस्कवर, प्रत्येकीवर हॅशची यादी, आणि प्रत केल्यावर ती यादी त्या डिस्कवरून पुन्हा वाचून पडताळलेली. प्रत करताना सांगितलेला हॅश नको. डिस्क काढून, पुन्हा जोडून वाचलेला हवा, नाहीतर उत्तर मेमरीतल्या कॅशमधून येतं आणि डिस्कवर काय उतरलं ते कळतच नाही. 'बघा'तल्या फायली त्या त्या वाचनालयाच्या माणसानेच पाहायच्या. सभासदांचे पत्ते, फोन असलेल्या नोंदवह्या आमच्या लॅपटॉपवर राहणार नाहीत.

कोणत्या याद्यांवरून वजाबाकी झाली त्यांची नावं, आवृत्ती आणि खुद्द यादीच्या फायलींचे हॅश प्रत्येक खोक्यात कागदावर. पुढच्या तिमाहीचा एनएसआरएल संच आला की 'बघा'त उरलेलं पुन्हा एकदा त्यावरून चालवायचं. प्रतिमा तोवर जपून.

बाकी: खानापूरची एक डिस्क, मागच्या बाजूने उलटं वाचन चालू आहे. निपाणीच्या श्रीलिपीची मूळ सीडी मिळाली की यादी पूर्ण.